आठच्या आकड्याचा रस्ता

२ डिसेंबर २०२४, सोमवार. लातूर

आज अमरेशसर चक्क माझ्या तोंडाकडे बघून बोलले! चार वर्षं झाली या ऑफिसात, आजवर ते माझ्या मॉनिटरशीच बोलत आलेत. "लुंबिनी मॅडम, तुम्हाला त्या रेसच्या रस्त्यांचं लई वेड हाय म्हणं?" हे त्यांना सांगितलं कुणी? मृत्युंजयनं, दुसरं कोण! साइट सुपरवायझर आहे की दवंडीवाला, कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या शर्यतींच्या मार्गांचे नकाशे बघते, ते यानं मागं उभं राहून बघितलं आणि ऑफिसभर केलं. खाताना तोंड मिटत नाही त्याचं, बोलतानाही मिटत नाही.

पण काम ऐकलं आणि राग विसरले. आम्ही केलेला कळंबवाडीचा बायपास जानेवारीत उघडायचाय. किल्लारीच्या पुढं आहे ते गाव. सरांना उद्घाटनाला नुसती फीत कापायची नाही. मोटारसायकलींची शर्यत पाहिजे — बायपासवर आणि गावातल्या रस्त्यांवर, एक दिवस वाहतूक बंद ठेवून. "आखणी तुम्ही करा. कायतरी येगळं पाहिजे."

वेगळं! इथं चार आणि आधीच्या ऑफिसात चार, आठ वर्षं गटारी आणि साइडपट्ट्या काढतेय मी. आज घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

५ डिसेंबर

कळंबवाडी बघून आले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. कुणीतरी लांब कुठंतरी बसून पट्टीनं आखलेलं. रस्ते सरळ आणि इतके रुंद की दोन ट्रक शेजारी शेजारी जाऊन मध्ये एक कुत्रं झोपू शकेल. गावकरी तीस वर्षं त्या रुंदीला शिव्या देतात — जुन्या गावात दारातून दारात हळदीकुंकू देता यायचं, इथं शेजारणीला हाक मारायची तरी ओरडावं लागतं. एक म्हातारी मला हे सांगता सांगता रडली. मी तेव्हा रस्त्याची रुंदी मोजत होते. भूकंपानं माझं काम सोपं केलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. वहीत चालतं.

११ डिसेंबर

दोन मार्ग फाडले. एक नुसता चौकोन होता. चौकोन कुणीही काढेल.

बर्लिनला हायवेच्याच दोन बाजू वापरल्या होत्या — एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, दोन्ही टोकांना वळसा. इटलीत समुद्राकाठी पंचवीस किलोमीटरची फेरी होती, गावागावांतून, लोकांच्या उंबऱ्यांवरून. त्या माणसांना नुसता रस्ता दिसला नाही, रस्त्यात दडलेली रेघ दिसली. मला कळंबवाडीत काय दिसतं?

१३ डिसेंबर

सापडलं! आठचा आकडा!

बायपास कालव्याच्या रस्त्याजवळ उंच होतो आणि त्याच्या पोटातून गावाचा रस्ता जातो, सिमेंटच्या बोगद्यातून. म्हणजे एकच गाडी आधी बोगद्याच्या वरून जाईल आणि नंतर त्याच बोगद्याच्या आतून! एक गोल गावात, मारुतीच्या देवळाभोवती. दुसरा गोल पलीकडे, आमच्या लोकांच्या वस्तीत, विहाराभोवती. मध्ये कुठंही गाडीला गाडी आडवी येत नाही. एकूण चार किलोमीटर शंभर मीटर. एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची.

असा मार्ग या देशात कुणी रस्त्यावर आखला असेल असं वाटत नाही. मी आखला. मुदखेडच्या रेल्वे गँगमनच्या पोरीनं!

२३ डिसेंबर

पक्कं ड्रॉइंग दिलं. प्रत्येक वळणावर पोती कुठं लावायची तेही दाखवलं. टायर एवढे मिळणार नाहीत, म्हणून सोयाबीनच्या भुस्कटानं भरलेली पोती. लातूर जिल्ह्यात सोयाबीनचं भुस्कट सोडून दुसरं काय फुकट मिळतं?

सगळ्यात वाईट जागा बोगद्याची. आतून सुसाट बाहेर पडलं की समोर कालवा, लगेच काटकोनात वळायचं. चुकला तो सरळ पाण्यात. म्हणून तिथं कालव्याच्या कडेनं पोत्यांची दुहेरी भिंत दाखवली. सर "छान, छान" म्हणाले, मोबाइलमध्ये बघत.

२८ डिसेंबर

पेपरात आलं. नकाशासकट. माझा आठ, सुबक छापलेला. आणि खाली — 'आखणी : मृत्युंजय म. बिराजदार'.

तीनदा वाचलं. मग सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी खुर्चीसुद्धा दाखवली नाही. "मॅडम, समजून घ्या. बाईनं आखलंय म्हटलं की पोरं हसतील. तो स्वतः गाडी चालवतो, शर्यतीत उतरणार हाय, त्याचं नाव शोभतंय." आणखी एक कारण होतं, ते त्यांनी माझ्या आडनावाच्या पाटीकडे एकदा बघून गिळलं. मला दिसलं.

बाहेर मृत्युंजय उभा. "मॅडम, नाव मी टाकलं न्हाई हो. सरांनी टाकलं."

मी म्हटलं, "मग काढायचं होतं."

हसला! वेड्यासारखा हसला, मान खाजवली आणि निघून गेला. त्या हसण्यावर मी त्याला कधी माफ करणार नाही. इथं लिहून ठेवते.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्येचं जेवण, आज सगळं लातूर शेतात. आमचं ऑफिस मृत्युंजयच्या शेतात, निलंग्याला. न जाण्याचं ठरवलं होतं, पण न गेले असते तर मी जळते असं सगळे म्हणाले असते. जळतेच, पण ते त्यांनी का म्हणायचं?

शेंगा-पालेभाज्यांची भज्जी चांगली होती. त्याचे वडील, मलप्पा, एक पाय ओढत प्रत्येकाला आंबील देत फिरत होते. मला वाढताना खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "ताई, बघा, माझ्या पोरानं काय आखलंय! मला वाचता येत न्हाई, पर नाव वळखतो मी त्याचं." घडी घालून घालून कागद मधोमध फाटत आला होता.

मृत्युंजय तिकडून ओरडला, "अप्पा, ते ठेवा आत!" लाजला होता की घाबरला होता, कुणास ठाऊक. मी म्हातारबांना म्हटलं, "तुमचा मुलगा फार हुशार आहे हो." इतकं गोड बोलले की माझंच तोंड कडू झालं. आंबील तिथंच बांधावर ओतली.

५ जानेवारी, रविवार. मुदखेड

आईला नकाशा दाखवला. तिनं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. "ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

"नाहीये."

"मग तू काय केलंस?"

दुपारच्याच गाडीनं परत आले.

९ जानेवारी

मृत्युंजय आज डब्यातून हुरडा घेऊन आला. माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी तो तसाच शिपायाला दिला, त्याच्यासमोर. चेहरा बघण्यासारखा झाला होता! एवढी मोठी मिशी आणि खाली लहान पोराचा ओठ.

१४ जानेवारी, संक्रांत

त्यानं तिळगूळ दिला. मी घेतला आणि बोलले नाही. गोड बोला म्हणतात, सक्ती थोडीच आहे.

१५ जानेवारी

घोळ! गावानं हरकत घेतली.

दुपारी पंधरा माणसं ऑफिसात, पुढं गुरुबसप्पा, देवळाचे पंच. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "गाड्या मारुतीला डावीकडं धरून जायल्यात का न्हाई? ही उलटी प्रदक्षिणा झाली. न्हाई चालायची. आमच्याकडं पोळ्याचा बैलसुदीक असा फिरवत न्हाईत."

सर म्हणाले, मग दिशा उलटी करू. सगळीच फेरी उलट्या बाजूनं.

मी म्हटलं, आठच्या आकड्यात एक गोल सुलटा झाला की दुसरा उलटा होतो. आत्ता विहाराची प्रदक्षिणा बरोबर आहे, आम्हीही उजवीच घालतो. ती मग उलटी होईल.

गुरुबसप्पा माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, तिकडं कुठं देव हाय?"

पंधरा माणसं हसली. सर हसले. मृत्युंजय हसला नाही, खाली बघत होता — पण बोलला का? नाही. माझ्या आठचा धनी ना तो! धन्यानं बोलायला पाहिजे होतं.

१६ जानेवारी

सर सकाळी डोक्यावर उभे. "नुसते बाण उलटे करा आन् द्या. पोलिसांकडं आज परवानगीची फाइल जायाची हाय." सगळे बाण उलटे केले. वीस मिनिटांत प्रिंट काढली, खाली नाव त्याचंच. मृत्युंजय फाइल घेऊन ठाण्यात गेला. जाताना माझ्याकडं निळा पेन मागितला. दिला नाही.

१७ जानेवारी

चहा पिताना कप हातातच राहिला.

बाण फिरवले — पोती फिरवली नाहीत! आता गाडी कालव्याच्या सरळ रस्त्यानं सुसाट येणार आणि वळून बोगद्यात शिरणार. इथं जो चुकेल तो कालव्यात जाणारच नाही. तो बोगद्याच्या तोंडाशी पुढं आलेल्या सिमेंटच्या भिंतीवर जाणार. तिथं एकही पोतं नाही. पोती सगळी पलीकडे, पाण्याच्या कडेला.

चूक माझी. घाईत झाली. ऑफिसात गेल्या गेल्या सांगायचं ठरवलं.

गेले तर दारातच आठ फुटांचा बॅनर. मृत्युंजयचा हेल्मेट घातलेला फोटो. 'आखणीही त्याची, गाडीही त्याची!'

सांगितलं नाही. उद्या सांगेन.

१८ जानेवारी, शनिवार

साइटवर होते दुपारी. मजूर ड्रॉइंगप्रमाणे पोती रचत होते. कालव्याच्या कडेला, दुहेरी. मी वीस पावलांवर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं — अहो, ही अर्धी पोती तिकडं भिंतीला लावा. एवढंच. सरावाचीही सोय नाही, रस्ता उद्याच बंद होणार आहे, म्हणजे या दिशेनं अजून एकही गाडी गेलेली नाही.

मृत्युंजय मजुरांत उभा होता. मला बघून हात केला. "मॅडम, एकदा नजर घालता का? सगळं बरोबर हाय न्हवं?"

मला विचारलं त्यानं. सरळ विचारलं.

मी म्हटलं, "आखणी तुमची आहे. तुम्हालाच माहीत."

त्यानं पोत्यांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग "बरोबरच असणार," म्हणाला आणि मजुरांना पाणी द्यायला गेला.

मी खोटं लिहिणार नाही. कुणाला मारावं असं माझ्या मनात नव्हतं. एखादा घसरेल, कोपर सोलून निघेल, लोक ओरडतील की हे आखलंय कुणी — आणि सर सगळ्यांदेखत त्याला झापतील. मला तेवढंच बघायचं होतं. तेवढंच, पण ते मला फार बघायचं होतं. बसमध्ये बसले तेव्हा छाती हलकी वाटत होती. परत जाऊन सांगायला अजून सगळी संध्याकाळ होती.

१९ जानेवारी, रविवार

आज वही उघडायची नव्हती. तरी लिहिते, क्रमानं लिहिते.

सकाळी नऊपासून गाव गच्चीवर. विहारासमोर वस्तीतली पोरं रांगेनं बसली होती. पहिली गाडी सुटली. ती बायपासवरून माझ्या डोक्यावरून गेली आणि अडीच मिनिटांनी माझ्या समोरून बोगद्यात शिरली — तेव्हा खरंच सांगते, मी सगळं विसरले. पोती विसरले, नाव विसरले. माझा आठ चालत होता! बायका टाळ्या वाजवत होत्या. शेजारच्या बाईला मी म्हणालेसुद्धा, "हे मी काढलंय." ती म्हणाली, "काय काढलंय?"

सहा जण गेले. सगळे बोगद्यापाशी बिचकत होते, वेग कमी करत होते. एक जण भिंतीला हँडल घासून गेला. लोक हसले. मीही हसले.

सातवा मृत्युंजय.

तो बिचकला नाही. कालव्याच्या रस्त्यानं आला तो पूर्ण वेगात. मला वाटलं तो मारेल ब्रेक. मारला, पण उशिरा. मागचं चाक वाळूवर गेलं, गाडी सरळ राहिली आणि सरळच गेली.

आवाज फार मोठा नव्हता. दार जोरात लावल्यासारखा. पलीकडे कालव्याच्या कडेला पोत्यांची भिंत जशीच्या तशी उभी होती, एक पोतंसुद्धा हललं नव्हतं.

सगळे धावले. मी धावले नाही. पाय होते, पण धावले नाही. मलप्पा आले होते शर्यत बघायला. ते पाय ओढत माझ्या अंगावरून गेले.

२० जानेवारी

लातूरला दवाखान्यात आहे. शुद्ध नाही. मी बाहेरच्या बाकावर दोन तास बसले आणि आत न जाता आले.

२२ जानेवारी

पहाटे गेला.

२४ जानेवारी

ऑफिसात बैठक. सर, त्यांचे वकील, मी, अकाउंटवाल्या बाई. गेलेल्या माणसाच्या टेबलावर कुणीतरी चहाचे रिकामे कप ठेवले होते.

वकील म्हणाले, चौकशी होणार. पोती चुकीच्या जागी होती हे कुणाही शेंबड्या पोराला दिसेल. सर म्हणाले, "आखणी कुणाची? पेपरात आलंय, बॅनरवर हाय. त्याचीच. जो जबाबदार तोच गेला. मेलेल्यावर काय केस करणार हायत?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय करते ते बघत होते. मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवलं.

सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. पाच रात्री झोप नव्हती, आज बैठकीतून उठताना भूक लागली होती. चोरानं नेलेली वस्तू चोराच्याच गळ्यात पडली असं मी स्वतःला सांगितलं. मागं त्याची मोठी मिशी, हुरडा, सगळं आठवत होतं, ते दाबलं.

खाली जिन्यात मलप्पा बसले होते. सरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. मला बघून उठले, हात जोडले. मला! "ताई, माझ्या पोरानं चुकीचं आखलं म्हणं. दुसऱ्या सहा पोरांचा जीव गेला असता म्हणं. तुमच्या ऑफिसला बट्टा लागला. मी त्याच्या वतीनं माफी मागतो."

मी त्यांना खाली बसवायला पाहिजे होतं. त्यांचे हात धरायला पाहिजे होते. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ते म्हणाले, "तुम्ही लई चांगल्या हाव." आणि डोळे पुसले.

हे लिहून मला बरं वाटत नाहीये. लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितेय.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. आईचा फोन आला. पेपरात वाचलं म्हणाली. "बरं झालं बाई, तुझं नाव नव्हतं ते."

२८ जानेवारी, मंगळवार

पोलिस ठाण्यात बोलावलं होतं. जबाब पाठ करून गेले होते. साहेबांनी फाइल उघडली, तीच, सोळा तारखेची. नकाशाखाली 'मृत्युंजय म. बिराजदार' निळ्या पेननं खोडलेलं. वर त्याच्या वाकड्या अक्षरात — 'आखणी : लुंबिनी नरसिंग सोनकांबळे. नाव आधी चुकून माझं पडलं होतं. मी फक्त गाडी चालवणार आहे.' खाली त्याची सही, ठाण्याचा शिक्का. हवालदार म्हणाला, "देताना म्हणला होता, आमच्या सरांना सांगू नका, मॅडमचं नाव परत काढतील ते."

साहेबांनी विचारलं, "ही आखणी तुमचीच ना?"

मी हो म्हणाले.